आधी संवाद, मग ॲप

स्मार्टफोनवरील एखादे ॲप वापरात असताना आपोआप मिटते, पडद्यावर ते ‘वारंवार थांबत आहे’ अशा अर्थाची पाटी येते आणि पुन्हा उघडले तरी काही क्षणांत तोच प्रकार घडतो, तेव्हा त्या बिघाडाला तंत्रज्ञांच्या परिभाषेत ‘क्रॅश’ म्हणतात. रोजच्या बोलण्यात ‘ॲप बंद पडले’ एवढ्यावर भागते. हा बिघाड कॅल्क्युलेटरच्या किंवा एखाद्या खेळाच्या ॲपमध्ये झाला, तर ते काढून टाकून पुन्हा बसवणे हा सर्वांत सोपा उपाय असतो आणि त्यात गमावण्यासारखे फारसे काही नसते. व्हॉट्सॲपसारख्या संदेशवाहक ॲपला मात्र हा न्याय लावता येत नाही, कारण कौटुंबिक बोलणी, दुकानदाराशी झालेला व्यवहार, कागदपत्रांची छायाचित्रे, हयात नसलेल्या आप्तांचे ध्वनिमुद्रित निरोप असा वर्षानुवर्षांचा ऐवज त्यात साठलेला असतो आणि त्याची मूळ प्रत बहुतेक वेळा त्या एका फोनखेरीज दुसरीकडे कुठेही नसते. ॲप दुरुस्त करणे हे काम त्या मानाने सोपे आहे. ते करताना हा ऐवज शाबूत ठेवणे हे खरे काम आहे आणि कोणता उपाय आधी व कोणता नंतर, हे त्यावरूनच ठरवावे लागते.

बिघाडाचे स्वरूप नीट ओळखण्यासाठी प्रथम त्याला दिसायला जवळच्या असलेल्या इतर अडचणींपासून वेगळे काढले पाहिजे. ॲप उघडते, जुने संदेश दिसतात, पण नवा संदेश जात नाही आणि त्याच्यापुढे घड्याळाचे चिन्ह तसेच राहते, तेव्हा दोष सहसा इंटरनेट-जोडणीचा किंवा कंपनीच्या सर्व्हरचा असतो. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप या तिन्ही सेवा कंपनीच्या अंतर्गत जाळ्यातील चुकीमुळे जगभर सुमारे सहा तास ठप्प झाल्या, तर २५ ऑक्टोबर २०२२ रोजी व्हॉट्सॲप भारतात ऐन दुपारी सुमारे दोन तास बंद होते. अशा वेळी फोनवर केलेला कोणताही इलाज व्यर्थ असतो आणि घाईने ॲप काढून टाकणाऱ्याला तर सर्व्हर बंद असेपर्यंत पुन्हा आत शिरणेही कठीण होते. संदेश येतात, पण ॲप उघडल्याशिवाय त्यांची सूचना मिळत नाही, ही तक्रारही क्रॅशची नव्हे. बॅटरी वाचवण्यासाठी फोन पडद्यामागची ॲप झोपवून ठेवतो, त्याचा तो परिणाम असतो. तिसरा प्रकार म्हणजे ॲप उघडे असूनही बोटाच्या स्पर्शाला दाद देत नाही, म्हणजेच ते ‘हँग’ होते. अँड्रॉइड फोनवर एखाद्या ॲपने साधारणतः पाच सेकंदांपर्यंत स्पर्शाची दखल घेतली नाही, तर ते प्रतिसाद देत नसल्याची पाटी झळकते आणि थांबायचे की ॲप बंद करायचे, हे वापरणाऱ्याला विचारले जाते. क्रॅशमध्ये असे काही विचारले जात नाही, ॲप सरळ मिटते.

ते का मिटते, हे समजण्यासाठी फोनच्या आतील व्यवस्था थोडक्यात पाहावी लागते. फोनचा सगळा कारभार चालवणारी मूळ प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, प्रत्येक ॲपला स्वतंत्र कप्पा आणि तात्पुरत्या स्मृतीचा ठरावीक वाटा देते; एका ॲपला दुसऱ्याच्या कप्प्यात परवानगीशिवाय डोकावता येत नाही. ॲप म्हणजे सूचनांची एक अतिशय लांब मालिका असते आणि त्या मालिकेत कधी अशी जागा येते, की जिथे पुढे काय करावे याची तरतूद प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने केलेली नसते: जिथे आकडा अपेक्षित होता तिथे काहीच मिळत नाही, फाइल अर्धवट निघते, मागितलेली स्मृती शिल्लक नसते किंवा मोजमाप ठरलेल्या मर्यादेबाहेर जाते. २०२० साली अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीवर एक निसर्गचित्र पडद्याची पार्श्वभूमी म्हणून ठेवताच काही कंपन्यांचे फोन पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले होते. त्या चित्राची रंगपद्धती वेगळी असल्यामुळे एका बिंदूच्या उजळपणाचा हिशेब २५५ या कमाल मर्यादेच्या पुढे गेला आणि त्यासाठी प्रणालीत जागाच नव्हती, एवढेच त्यामागचे कारण होते. अशा अनपेक्षित स्थितीत ॲपला तसेच पुढे रेटू दिले, तर ते चुकीची माहिती साठवून ठेवील आणि आधीची चांगली माहितीही नासवील, म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम त्याचे काम तिथेच थांबवते. वापरणाऱ्याला वैताग आणणारे हे मिटणे वस्तुतः त्याच्या साठ्याचे रक्षण करणारी तजवीज आहे. ॲप मिटले म्हणजे संदेश गेले, असा अर्थ त्यातून अजिबात निघत नाही. संदेश जातात ते बहुधा नंतर घाबरून केलेल्या उपायांमुळे.

संदेश नेमके कुठे असतात, हा प्रश्न इथे निर्णायक ठरतो आणि त्याचे उत्तर प्रत्येक ॲपगणिक बदलते. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये सर्व संवादांसाठी एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लागू केले. या पद्धतीत संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतो आणि त्याची किल्ली केवळ घेणाऱ्याच्या उपकरणात असते, त्यामुळे मधल्या सर्व्हरला तो वाचता येत नाही. शिवाय संदेश पोहोचला की सर्व्हरवरची प्रत काढून टाकली जाते. संवादांचा संपूर्ण साठा फोनवरील एका डेटाबेसमध्ये, म्हणजे नोंदींच्या सुसूत्र संग्रहात, राहतो. टेलिग्रामची घडण याच्या उलट आहे: त्याचे नेहमीचे संवाद कंपनीच्या सर्व्हरवर असतात, ॲप शंभर वेळा काढून बसवले तरी ते परत दिसू लागतात आणि अपवाद केवळ ‘गुप्त संवाद’ या वेगळ्या सोयीचा असतो. सिग्नल या ॲपचा कटाक्ष गोपनीयतेवर असल्यामुळे तिथे वापरणाऱ्याने स्वतःहून बॅकअपची सोय चालू केलेली नसेल, तर ॲप काढताच सगळा इतिहास पुसला जातो. एकाच बिघाडावर एकाच शब्दांत दिलेला ‘काढून पुन्हा टाका’ हा सल्ला म्हणूनच टेलिग्रामच्या बाबतीत निरुपद्रवी, व्हॉट्सॲपच्या बाबतीत जोखमीचा आणि सिग्नलच्या बाबतीत अनेकदा घातक ठरतो. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात हा फरक क्वचितच विचारात घेतला जातो.

याच रचनेतून एक दिलासाही मिळतो. ॲप बंद पडलेल्या काळात आलेले संदेश हरवत नाहीत. जे संदेश फोनपर्यंत पोहोचलेले नाहीत, ते व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर कुलूपबंद अवस्थेत ३० दिवसांपर्यंत थांबून राहतात. एकदोन दिवस ॲपशिवाय काढावे लागले तरी त्यात कायमचे नुकसान नसते, आणि म्हणून दुरुस्तीची घाई करण्याचेही कारण नसते.

उपायांकडे वळण्यापूर्वी, ॲप नेमके केव्हा मिटते याचे निरीक्षण करणे हे सर्वांत उपयुक्त काम आहे. पण बहुतेक मार्गदर्शनपर मजकुरात उपायांची जंत्री आधी येते आणि हे निरीक्षण राहूनच जाते. ॲप उघडताच मिटते की विशिष्ट संवाद उघडल्यावर, कॅमेरा चालू केल्यावर मिटते की चित्रफीत पाठवताना, फक्त हेच ॲप मिटते की इतरही, आणि हा प्रकार कोणते अद्ययावतीकरण झाल्यानंतर सुरू झाला, या प्रश्नांच्या उत्तरांवर पुढची वाट ठरते.

एकाच दिवशी अनेक ॲप मिटू लागली, तर दोष त्यांच्यापैकी कुणाचाही नसून त्यांच्या खाली असलेल्या सामाईक घटकाचा असण्याची शक्यता जास्त असते. मार्च २०२१ मध्ये जगभरच्या अँड्रॉइड फोनवर जीमेलसह कितीतरी ॲप अचानक बंद पडू लागली, तेव्हा त्यामागे ‘अँड्रॉइड सिस्टीम वेबव्ह्यू’ या घटकाची सदोष आवृत्ती असल्याचे उघड झाले. वेबव्ह्यू म्हणजे इतर ॲपना त्यांच्या चौकटीतच वेबपाने दाखवता यावीत, म्हणून गूगलने पुरवलेला एक लहानसा अदृश्य ब्राउझर. त्याला स्वतःचे चिन्ह नसते, त्यामुळे तो फोनवर आहे हेच बहुतेकांना ठाऊक नसते. गूगलने लवकरच सुधारित आवृत्ती दिली, आणि प्ले स्टोअरवरून वेबव्ह्यू व क्रोम ही दोन्ही अद्ययावत करताच बिघाड थांबला. दरम्यानच्या काही तासांत ज्यांनी एकेक ॲप काढून पुन्हा बसवले, त्यांच्या हाती मात्र पुन्हा लॉगिन करत बसण्याखेरीज काही लागले नाही. असे सामूहिक बिघाड दिसताच त्या दिवशीची बातमी पाहणे आणि प्ले स्टोअरमध्ये वेबव्ह्यूची नवी आवृत्ती आली आहे का हे तपासणे, एवढेच पुरेसे असते.

एकच संवाद उघडला की ॲप मिटते आणि बाकीचे संवाद व्यवस्थित चालतात, हा प्रकार अधिक विलक्षण आहे, कारण त्यात दोष ॲपच्या ज्या कोपऱ्यात दडलेला असतो, त्याला एखादा संदेश जाऊन स्पर्श करतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगू लिपीतील एका अक्षराने जगभरच्या आयफोनवरील संदेशवाहक ॲप बंद पाडली. ज आणि ञ यांचे जोडाक्षर, त्यानंतर अक्षरे परस्परांपासून अलग ठेवणारे एक अदृश्य चिन्ह आणि मग आकार, असा तो क्रम होता. तो पडद्यावर कसा रेखाटावा हे ठरवताना ॲपलची अक्षरजुळणी कोलमडत असे आणि ॲप मिटत असे. तांत्रिक विश्लेषणात असेही आढळले, की ही चूक तेलुगूपुरती मर्यादित नव्हती. दुसरा वर्ण ‘र’ असलेल्या देवनागरी जोडाक्षरांच्या काही विशिष्ट क्रमांत आणि बंगालीतही तीच स्थिती ओढवू शकत होती. १९ फेब्रुवारी २०१८ रोजी ॲपलने आयफोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमची ११.२.६ ही आवृत्ती काढून ती चूक दूर केली. भारतीय लिप्यांमध्ये अक्षरे एकामागे एक न मांडता एकमेकांत गुंफावी लागतात आणि त्या गुंफणीचे नियम रोमन लिपीपेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे आहेत, त्यामुळे परदेशात लिहिल्या आणि तपासल्या जाणाऱ्या प्रणालींमध्ये अशा चुका दडून राहिल्या, तर त्यात नवल नाही. मात्र कोट्यवधी लोकांच्या लिपीची चाचणी ती लिपी वापरणाऱ्यांच्याच फोनवर व्हावी, ही बाब काही भूषणावह म्हणता येणार नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपमध्ये काळ्या ठिपक्याचा संदेश फिरू लागला. ठिपका केवळ दाखवण्यापुरता होता. त्याच्या आगेमागे लेखनाची दिशा बदलणारी हजारो अदृश्य चिन्हे भरलेली असत आणि ठिपक्याला स्पर्श करताच ती सगळी हाताळताना ॲप अडकून पडत असे. डिसेंबर २०१९ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा-कंपनीने दाखवून दिले, की गटातील एखाद्या सदस्याने मुद्दाम बिघडवलेला संदेश पाठवला, तर गटातील सर्वांचे व्हॉट्सॲप बंद पडू शकते, आणि ते परत चालू होण्यासाठी ॲप काढून पुन्हा बसवून तो गटच पुसावा लागतो. ही त्रुटी तोवर कंपनीने दुरुस्त केलेली होती. मे २०२३ मधील प्रकार तर अगदी साध्या दुव्याचा होता: व्हॉट्सॲपच्याच सेटिंग्जकडे नेणारा छोटा पत्ता एखाद्या संवादात आला, की अँड्रॉइडच्या काही आवृत्त्यांवर तो संवाद उघडताच ॲप मिटत असे.

या शेवटच्या प्रकारात संगणकावरील व्हॉट्सॲप वेब मात्र सुरळीत चालत होते, आणि तिथेच अशा सर्व बिघाडांवरचा सर्वांत सुरक्षित उपाय सापडतो. व्हॉट्सॲपचे एक खाते मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणांशी जोडता येते आणि ती उपकरणे फोन बंद असतानाही चालतात, म्हणून आधीपासून जोडलेल्या संगणकावर तो संवाद उघडून उपद्रवी संदेश पुसला, की फोनवरचे ॲपही पूर्ववत होण्याची बरीच शक्यता असते. अट एकच, की जोडणी बिघाडापूर्वीची हवी, कारण नवे उपकरण जोडण्यासाठी फोनवरचे ॲप उघडावेच लागते. शिवाय मुख्य फोनवर १४ दिवसांहून अधिक काळ व्हॉट्सॲप वापरले गेले नाही, तर ही जोडणी आपोआप तुटते. घरात संगणक असणाऱ्याने निदान एवढ्यासाठी तरी तो जोडून ठेवणे शहाणपणाचे आहे. याउलट, अशा प्रसंगी ॲप काढून बसवण्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण बॅकअपमधून संवाद परत आणले की तो संदेशही त्यांच्याबरोबर परत येतो.

भारतात नेहमी आढळणारे एक कारण मात्र इतके नाट्यमय नाही. ते आहे भरलेला फोन. भारतीयांच्या फोनमधील जागा इतक्या लवकर का संपते, याचा शोध गूगलच्या संशोधकांनी घेतला, तेव्हा पहाटेपासून पाठवल्या जाणाऱ्या शुभसकाळच्या चित्रांचा पूर हे त्याचे एक मोठे कारण निघाले, आणि २०१८ च्या सुरुवातीला त्याची बातमी जगभर गाजली. सूर्योदय, गुलाब, वाफाळता चहा आणि सुविचार यांनी भरलेली ही चित्रे प्रत्येक गटातून वेगवेगळी उतरतात. दिवाळी किंवा गुढीपाडव्याच्या दिवशी त्यांत चित्रफितींचीही भर पडते. जागा संपत आल्याचा परिणाम नुसता नवे छायाचित्र न निघण्यापुरता राहत नाही. संदेशांचा डेटाबेस प्रत्येक नव्या नोंदीबरोबर स्वतःची पुनर्मांडणी करत असतो आणि एखादी नोंद अर्धवट राहिली, तर मागे फिरता यावे म्हणून आधीच्या स्थितीची टिपणवजा प्रत तात्पुरती जवळ ठेवतो. या सर्व हालचालींना मोकळी जागा लागते. ती मिळाली नाही, की लिहिणे मध्येच अडते आणि ॲप मिटते. फोन जवळजवळ भरलेला असेल, तर निदान एकदोन जीबी मोकळी होईपर्यंत दुसरा कोणताही उपाय करून पाहण्यात अर्थ नसतो. ॲप उघडत असेल, तर त्याच्या सेटिंग्जमधील साठवणुकीच्या पानावर कोणत्या गटाने किती जागा व्यापली आहे हे दिसते आणि तिथूनच मोठ्या चित्रफिती पुसता येतात. ॲप उघडतच नसेल, तर फाइल-व्यवस्थापक ॲपमधून व्हॉट्सॲपच्या फोल्डरातील चित्रे व चित्रफिती निवडून काढाव्या लागतात. त्याच फोल्डरात ‘डेटाबेसेस’ नावाचा उपफोल्डर असतो आणि त्यात संदेशांच्या प्रती असतात. त्याला हात लावू नये.

आवृत्त्यांचा प्रश्न दोन्ही टोकांनी सतावतो. नवी आवृत्ती सगळ्यांना एकदम न देता आधी थोड्या फोनवर आणि मग क्रमाक्रमाने वाढवत नेण्याची रीत आहे, त्यामुळे एका घरातील दोन फोनवर एकाच दिवशी वेगळ्या आवृत्त्या असू शकतात आणि त्यांतील एकच मिटत राहते. ज्यांनी नवीन सोयींच्या हौसेने ‘बीटा’, म्हणजे चाचणीसाठीची आवृत्ती घेतलेली असते, त्यांना हा अनुभव अधिक येतो. प्ले स्टोअरवर त्या चाचणीतून बाहेर पडता येते, मात्र नेहमीच्या आवृत्तीकडे परतण्यापूर्वी बॅकअप घेतलेला असावा. दुसऱ्या टोकाला जुने फोन आहेत. कंपनी ठरावीक काळाने जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमना आधार देणे थांबवते. मे २०२५ पासून आयफोनवर किमान १५.१ ही आवृत्ती आवश्यक झाली आणि आयफोन ५एस, ६ व ६ प्लस हे फोन व्हॉट्सॲपच्या कक्षेबाहेर गेले. कक्षेत असलेले स्वस्त अँड्रॉइड फोनही दोन-तीन जीबी स्मृतीवर दरवर्षी जड होत जाणारे ॲप ओढताना दमतात, आणि त्यावर कोणतीही कळ दाबून कायमचा इलाज होत नाही. ‘जीबी व्हॉट्सॲप’सारख्या, बाहेरच्या लोकांनी फेरफार करून वाटलेल्या आवृत्त्यांचा उल्लेख इथे केवळ सावधगिरीसाठी करायचा, कारण त्या वापरणाऱ्यांची खाती मूळ कंपनी तात्पुरती बंद करते आणि त्यांच्या बिघाडाची जबाबदारी कुणावरच नसते.

कारणाचा असा अंदाज आल्यानंतर उपायांचा क्रम एका साध्या तत्त्वावर लावता येतो: ज्या उपायाने काहीच पुसले जात नाही तो प्रथम, आणि ज्याने पुसले जाते तो सर्वांत शेवटी. फोन बंद करून पुन्हा चालू करणे हा उपाय बाळबोध वाटला तरी निराधार नाही, कारण तात्पुरत्या स्मृतीत अडकून राहिलेल्या प्रक्रिया त्यामुळे खरोखरच मोकळ्या होतात. त्यानंतर फोनच्या सेटिंग्जमधील ॲपच्या माहितीचे पान उघडून तिथली सक्तीने थांबवण्याची कळ दाबावी आणि ॲप नव्याने उघडून पाहावे. त्याच पानावर साठवणुकीच्या विभागात दोन कळा शेजारीशेजारी असतात, आणि या विषयातील बहुतेक दुर्घटना त्या दोहोंची गल्लत झाल्यामुळे घडतात. ‘कॅशे साफ करा’ या कळीने केवळ कॅशे, म्हणजे काम जलद व्हावे म्हणून ॲपने बाजूला काढून ठेवलेला तात्पुरता मजकूर जातो. चित्रांच्या छोट्या प्रतिमा आणि तत्सम गोष्टी ॲप नंतर पुन्हा तयार करते. ‘स्टोरेज साफ करा’ किंवा काही फोनवर ‘डेटा साफ करा’ या कळीने मात्र संवादांच्या डेटाबेससह सगळेच जाते आणि ॲप नुकतेच बसवल्यासारखे कोरे होते. पहिली निःशंक दाबावी; दुसरीकडे बॅकअपची खातरजमा होईपर्यंत वळू नये.

कॅशेने भागले नाही, तर ॲप, वेबव्ह्यू आणि फोनची ऑपरेटिंग सिस्टीम या तिन्हींची अद्ययावत आवृत्ती आली आहे का ते पाहावे, कारण व्यापक बिघाडांवर खरी दुरुस्ती तिथूनच येते. कॅमेरा किंवा ध्वनिमुद्रण चालू करतानाच ॲप मिटत असेल, तर त्या त्या परवानग्या एकदा काढून पुन्हा द्याव्यात. फोन ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे फक्त मूळची ॲप चालू ठेवून सुरू करावा, हा सल्ला जागोजागी छापलेला आढळतो, पण त्या अवस्थेत वापरणाऱ्याने उतरवून घेतलेली सगळीच ॲप बंद राहत असल्याने व्हॉट्सॲपची परीक्षा तिथे होऊच शकत नाही. संपूर्ण फोनच अस्थिर असेल, तरच त्याचा उपयोग.

एवढे करूनही ॲप मिटतच राहिले, तर पुन्हा बसवण्याची वेळ येते, आणि तिच्यापूर्वी बॅकअप कितपत ताजा आहे हे पाहावे लागते. ॲप उघडत नसतानाही हे शक्य आहे: गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये बॅकअपचे स्वतंत्र पान असते आणि तिथे व्हॉट्सॲपचा शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे ते दिसते. ही तारीख कित्येक महिन्यांपूर्वीची निघाली, तर आश्चर्य वाटू नये. अँड्रॉइडवरील हे बॅकअप पूर्वी गूगलच्या १५ जीबी मोफत जागेत मोजले जात नसत; २०२४ पासून ते मोजले जाऊ लागले, आणि ती जागा ईमेल व छायाचित्रांनी भरली, की बॅकअप थांबतो. ड्राइव्हवर काही नसले, तरी व्हॉट्सॲप रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनवरच एक प्रत तयार करत असते आणि गेल्या सात दिवसांपर्यंतच्या प्रती जपून ठेवते. या प्रती फोनच्या अंतर्गत साठ्यात ‘अँड्रॉइड’ या फोल्डरातील ‘मीडिया’ या उपफोल्डरात, व्हॉट्सॲपच्या नावाखाली असतात. केबल लावून तो संपूर्ण फोल्डर संगणकावर उतरवून घेतला, की निम्मी चिंता मिटते. बॅकअपला स्वतंत्र पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावण्याची सोय व्हॉट्सॲपने ऑक्टोबर २०२१ पासून दिली आहे. ज्याने ती घेतली आहे, त्याने तो पासवर्ड आठवतो ना याची खात्री आधी करावी, कारण तो विसरल्यास कंपनीही बॅकअप उघडून देऊ शकत नाही.

पुन्हा बसवताना फोन-क्रमांक आणि गूगल खाते ही दोन्ही पूर्वीचीच असावी लागतात. क्रमांकाची पडताळणी झाली, की सापडलेल्या बॅकअपमधून संवाद परत आणायचे का, असे ॲप विचारते, आणि हा प्रश्न त्या एकाच टप्प्यावर येतो. घाईत तो टप्पा ओलांडून पुढे गेले, तर ॲप कोरे सुरू होते, आणि ड्राइव्हवरील नवा बॅकअप जुन्याची जागा घेत असल्यामुळे, त्या कोऱ्या ॲपचा पुढचा बॅकअप पूर्वीचा भरलेला बॅकअप पुसून टाकू शकतो. चूक त्याच दिवशी लक्षात आली, तर ॲप लगेच काढून पुन्हा बसवावे आणि या वेळी तो प्रश्न वगळू नये.

आयफोनवर व्यवस्था थोडी निराळी आहे. तिथे कॅशे साफ करण्याची वेगळी कळ नसते. त्याऐवजी सेटिंग्जमधील साठवणुकीच्या पानावर ॲप ‘ऑफलोड’ करण्याची सोय असते, जिच्यात ॲप निघते पण त्याचा साठा फोनवर राहतो आणि ॲप परत उतरवल्यावर तो त्याला जोडला जातो. संवाद न गमावता ॲपची नवी प्रत मिळवण्याचा हा मार्ग फार सोयीचा आहे. त्याच्या शेजारचीच ‘डिलीट’ची कळ मात्र साठ्यासकट सगळे काढते, आणि मग सगळी भिस्त आयक्लाउडवरील बॅकअपवर राहते.

बिघाडापेक्षा मोठा धोका बिघाडाच्या काळात केलेल्या शोधाशोधीत असतो. त्रासलेला माणूस इंटरनेटवर मदतकेंद्राचा क्रमांक शोधतो आणि तिथे भामट्यांनी पेरून ठेवलेले क्रमांक त्याला सापडतात. पलीकडचा मनुष्य गोड बोलून पडदा दाखवणारे ॲप उतरवायला लावतो किंवा एसएमएसने आलेला सहा अंकी पडताळणी-संकेत विचारून घेतो आणि खाते ताब्यात घेतो. सुधारित व्हॉट्सॲप म्हणून एखाद्या गटात आलेली फाइलही तशीच. गुलाबी रंगाच्या व्हॉट्सॲपचे आमिष दाखवणाऱ्या अशाच एका दुव्याविरुद्ध मुंबई पोलिसांनी जून २०२३ मध्ये सावधगिरीचा इशारा दिला होता. ॲप केवळ प्ले स्टोअर किंवा ॲपल ॲप स्टोअरवरूनच घ्यावे, पडताळणी-संकेत घरच्या माणसालाही फोनवर सांगू नये आणि पैशांची फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदतवाहिनीवर विनाविलंब कळवावे.

काही बिघाड या सगळ्यानंतरही उरतात. बॅकअपमधून परत आणलेल्या साठ्यातच दोष असेल, तर ॲप पुन्हा मिटते. अशा वेळी फोनवरील सात प्रतींपैकी अधिक जुनी प्रत वापरून पाहता येते, आणि मधल्या दिवसांचे संवाद गेले तरी बाकीचे वाचतात. ॲपच्याच नव्या आवृत्तीत चूक असेल, तर ती दुरुस्त करणे कंपनीच्या हातात असते, आणि तिला ते लवकर करता यावे म्हणून क्रॅशनंतर येणाऱ्या पाटीवरील अहवाल पाठवण्याची कळ, ती दिसत असेल तर, दाबावी. अहवालाबरोबर फोनचे मॉडेल, आवृत्ती आणि ॲप ज्या ओळीवर अडले तिचा तपशील जातो. दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत संगणकावर जोडलेले व्हॉट्सॲप चालत असेल, तर त्यावर काम भागवावे, आणि अगदी निकडीचे असेल, ते साध्या एसएमएसने कळवावे.